शब्दचर्चा: 'टॉप डेड सेंटर'ला मराठीत काय लिहावं?

पानगळ: गाडीदुरुस्तीच्या एका शिकाऊ पुस्तिकेचं मराठीकरण करते आहे. उदाहरणाला मारुती 800 घेतली आहे आणि धडा हेड (इंजिनाच्या सिलिंडरवरचं झाकण) न उतरवता व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं तेल अडवणारं रबर) बदलण्याचा. पहिलीच सूचना पिस्टन टॉप डेड सेंटरला, म्हणजे हेडकडच्या शेवटच्या टोकाला, आणण्याची. स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह सुटला तरी तो पिस्टनवर टेकतो, नाहीतर सिलिंडरमध्ये पडतो आणि हेड खोलावंच लागतं. मी 'ऊर्ध्व मृतकेंद्र' लिहिलं होतं. तपासणाऱ्या सरांनी खोडून 'पिस्टन एकदम वर' केलं. 'मृत'वरून मुलांना काहीच कळत नाही, म्हणाले. तुम्ही काय लिहाल?

तिफण: सरांचं बरोबर आहे. आमच्याकडे विहिरीवरच्या डिझेल इंजिनापासून मोटारसायकलीपर्यंत सगळे 'टॉपला आण' एवढंच म्हणतात.

ओळंबा: 'एकदम वर' लिहू नका, ते चुकीचंच ठरेल. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो. तिथे पिस्टन वर जात नाही, पुढच्या चाकाकडे जातो. 'शिरोबिंदू' घ्या. हेड म्हणजे शिर, त्या बाजूचं शेवटचं टोक.

रेघोटी: शिरोबिंदू त्रिकोणाचा! शाळेपासून पक्का बसलेला शब्द दुसरीकडे का ओढायचा?

सहाण: 'मृत' टाकू नका, सगळा अर्थ त्यातच आहे. त्या क्षणी क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड एका रेषेत येतात. पिस्टनला कितीही रेटा, क्रँक फिरत नाही. आजीचं पायाचं शिलाई मशीन नेमकं असंच अडायचं, मग ती हाताने चाक ढकलून द्यायची. जर्मन आणि फ्रेंच लोकही 'मृत बिंदू'च म्हणतात. म्हणजे हरकत घ्यायची तर 'केंद्रा'वर घ्या.

खराद: चाळीसेक वर्षं लेथवर काढली. आमच्याकडे डेड सेंटर म्हणजे टेलस्टॉकमधला (लेथच्या मागच्या टोकाचा) आधाराचा टोकदार खुंट, जॉब म्हणजे कातायचा तुकडा फिरतो पण तो फिरत नाही. बेअरिंगवर फिरतो तो लाइव्ह सेंटर. त्यामुळे 'मृत'पेक्षा 'अचल' मला पटतो.

रेघोटी: धरणाच्या पाण्याचंही तसंच आहे ना? बातम्यांत 'मृतसाठा' येतो, 'अचल साठा'ही येतो. पाणी असतं, पण मोरीच्या खाली असल्यामुळे आपोआप बाहेर येत नाही. उजनीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला 'मृतसाठा' समजावून सांगावा लागत नाही. मग शिकाऊ मुलांना 'मृतबिंदू' का जड जावा?

तिफण: शब्द कुठलाही घ्या, पण कुठला टॉप ते लिहा. क्रँकचे दोन फेरे, म्हणजे 720 अंश, आणि तेवढ्यात पिस्टन दोनदा टॉपला येतो. स्पार्क प्लगच्या भोकावर अंगठा धरून क्रँक फिरवा. हवेने अंगठा उचलला की तो कंप्रेशनचा, म्हणजे हवा दाबली जातानाचा टॉप. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी दांडी) काढल्यावर सीलपुरता कुठलाही चालतो, टॅपेट सेट करताना, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट जुळवताना, मात्र कंप्रेशनचाच लागतो. शिवाय पुलीवरची खूण पहिल्या सिलिंडरची. तीन सिलिंडर आहेत, पुढच्यासाठी 240 अंश फिरवावं लागतं. हे पुस्तिकेत नसेल तर पोरं फसतील.

सहाण: आणि काही जण प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरतात. पिस्टन नेमका मृतबिंदूवर असला तर क्रँक जागची हलत नाही. जरा इकडेतिकडे असला तर पाना हातातून हिसकून घेते. हे एकदा दाखवा, 'मृत' का म्हणतात ते वेगळं सांगावं लागणार नाही.

ओळंबा: एवढा शुद्ध शब्द शोधताय तर 'पिस्टन' कसा चालतो? पिस्टनला दट्ट्या म्हणा, व्हॉल्व्हला झडप म्हणा.

खराद: दट्ट्या सोऱ्याचा. गॅरेजात दट्ट्या मागितलात तर कुणी काही आणून देणार नाही.

ओळंबा: आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात दट्ट्याच होता, आणि इंजिन आम्हाला त्यावरूनच कळलं. वापरत नाही म्हणून शब्द जातो.

पानगळ: 'वरचा मृतबिंदू' लिहून पुढे कंसात 'टॉप' टाकावं असं वाटतंय. पण व्हॉल्व्हच्या लॉकला, म्हणजे स्प्रिंग व्हॉल्व्हवर अडकवून ठेवणाऱ्या तुकड्यांना, काय म्हणता? सर 'कॉटर' म्हणतात.

तिफण: आम्ही 'लॉक'च. पण ओळंबा, झडप जिथे टेकते त्या जागेला 'सीट' म्हणणार की 'बैठक'?