आईने मॉर्फिनच्या गोळ्या बायबलच्या कव्हरात लपवल्या

कळव्याची_लेक: जय ख्रिस्त. आई 68 वर्षांची, स्वादुपिंडाचा कॅन्सर, चौथी स्टेज. खारघरला टाटा हॉस्पिटलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये दाखवतो. केमो थांबवली, आता फक्त दुखणं आटोक्यात ठेवायचं. परवा तिचं बायबल आवरताना चेनच्या कव्हरात मॉर्फिनच्या अकरा गोळ्या सापडल्या. रात्री टॉवेल दातात धरून पडते, पण गोळी घेत नाही. घरी प्रार्थनेला येणारे एक ब्रदर म्हणालेत, गोळी म्हणजे विश्वास डळमळला. आई नगरची, शाळेत बाई होती, चर्चच्या माणसाला उलट बोलणार नाही. मी काय बोलू तिच्याशी? 'प्रार्थनेत आठवण ठेवतो' एवढंच लिहू नका, तेवढं मीही करतेय.

ऐरोलीकर: ताई, मी नर्सिंगमध्ये होतो, म्हणून आधी गोळीचं. दुखणं चढल्यावर नाही, ठरल्या वेळेला घ्यायची. मधे खंड पडलाय, तर डॉक्टरांना फोन करूनच सुरू करा, राहिलेल्या एकदम देऊ नका. पोट साफ व्हायचं औषधही मागून घ्या, नाहीतर त्या त्रासाने परत सोडतील.
आणि बायबलमधलं 2 तीमथ्य 4:20 काढून द्या. प्रेषित पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत शहरात आजारी सोडलं. पौलाचा विश्वास कमी होता का?

वाशी_७७: पण याकोब 5 मध्ये विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील असं आहेच की.

ऐरोलीकर: आहे ना. त्याच्या आदल्याच वचनात तेल लावायला सांगितलंय. येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्याच्या जखमांवर काय ओतलं? तेल आणि द्राक्षारस. त्या काळचं ड्रेसिंगच ते.

तलावपाळी: आम्ही कॅथलिक. आमच्यातही फादर तेल घेऊन आले की बायका रडायला लागतात, हे शेवटचंच समजून. वास्तविक 1972 च्या नव्या विधीपासून तो रुग्णांचा संस्कार आहे, मरणाऱ्यांपुरता नाही. माझ्या मावशीला तीनदा मिळाला. तेल लावण्याआधी फादरांनी विचारलं होतं, "गोळी घेतली का?"

कळव्याची_लेक: डॉक्टरांशी बोलले, आजपासून पुन्हा सुरू करायला सांगितलंय. आईला वचन दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं, पेन्सिलीने रेघ मारली. मग विचारलं, "त्रफिमाचं पुढे काय झालं गं?" म्हटलं, तिथं लिहिलेलं नाही. "त्याच्याजवळ कोण बसलं असेल मग?" मला काही बोलता आलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाली, पाणी आण.