प्लग बदलल्यावर गाडी थरथरते आहे (अमळनेरहून)

नमस्कार मंडळी,

सुट्टीत अमळनेरला घरी आलो आहे. बाबांची गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची, प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र कॉईल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टची वीज देणारी) असलेली. ४०,००० किलोमीटर झाले म्हणून परवा अंगणातच मी चारही प्लग बदलले. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली, पण तेव्हापासून उभ्या गाडीत स्टिअरिंग आणि सीट थरथरतात. काल मंगळवार, मंगळग्रह मंदिराच्या गर्दीत अडकलो तेव्हा आई म्हणाली, "आपली गाडी अशी नव्हती रे." वरच्या गिअरमध्ये रेस दिली की धक्के बसतात, आणि इंजिनाचा पिवळा दिवा कधी नुसता लागतो, कधी लुकलुकतो.

सोमवारी बाबांना धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे आणि पुढच्या आठवड्यात मी परत निघतो. अशी गाडी त्यांच्या हाती सोपवून माझा पाय निघणार नाही. इथे एकाने सांगितलं, चारही कॉईल नव्या टाक. घेऊ का?

* * *

भो, कॉईल अजिबात घेऊ नकोस.

काल ठीक होतं आणि हात लावल्यावर बिघडलं, तर जिथे हात लागला तिथेच शोधायचं. चार कॉईल एका दुपारी मरत नसतात.

आधी दिव्याचं सांगतो. नुसता लागून राहिला तर हळूहळू घरापर्यंत गाडी आणता येते. लुकलुकत असेल तर बाजूला घेऊन बंद कर. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो. प्लगपेक्षा कितीतरी महाग वस्तू आहे ती.

आता थरथरीचं. आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत, इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ३७५ वेळा, सेकंदाला साधारण सहा. एक सिलिंडर मुका झाला, म्हणजे पेटेनासा झाला, की सेकंदाला सहा हिसके बसतात. तेच तुझ्या आईला सीटमध्ये जाणवले. कोणता मुका, ते बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर सांगेल. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लाव. पी ०३०१ ते पी ०३०४ यांतला कोड आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी ०३०० आला तर एकाहून जास्त सिलिंडर चुकत आहेत, मग बाहेरून हवा ओढली जाते का ते पाहायचं.

समज तीन नंबर आला. इंजिन बंद करून, गार झाल्यावर तीनची कॉईल दोनवर आणि दोनची तीनवर लाव. कोड पुसून पुन्हा सुरू कर. कोड दोनवर गेला तर कॉईल दोषी, तीनवरच राहिला तर प्लग बघ. एका वेळी एकच गोष्ट हलव, नाहीतर काय केल्याने काय झालं ते कळत नाही.

आणि प्लग कसे आवळलेस? अॅल्युमिनियम हेडमध्ये (इंजिनाचा वरचा भाग, प्लग त्यात बसतो) वॉशरवाल्या १४ मिलिमीटर प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) नसेल तर नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. जोर केला तर हेडचे आटे जातात. प्लगचा नंबरही गाडीच्या पुस्तकाशी ताडून बघ. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा), बॉश कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की गरम, त्यामुळे दुकानात पर्यायी प्लग देताना घोळ होतो.

एरंडोलचे काका

* * *

काका बोलले त्यात एक भर. आमच्या भुसावळच्या गाडीला असंच झालं होतं आणि प्लग, कॉईल सगळं बरोबर निघालं. प्लगपर्यंत पोचायला एअर फिल्टरचा पाईप काढला होता, तो बसवताना खालची बारीक रबरी नळी निसटून राहिली होती. इंजिन चालू असताना फुस्स आवाज येतो का ते ऐक. ते नसेल तर इंजिनाची माउंटिंगही (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) एकदा बघून घे. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर कडक होतं.

भुसावळची ताई

* * *

काका, ताई,

नळ्या जागेवर आहेत. कोड पी ०३०३. कॉईल अदलाबदल करून अंगणातच दहा मिनिटं चालवली, कोड तीनवरच. प्लग काढला तर पांढऱ्या चिनी मातीवर केसासारखी चीर, आणि तिच्या कडेने पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ. मला आठवलं, तीन नंबरला पाना विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) तिरका झाला होता आणि बारीक टक् आवाज आला होता. नवा प्लग टाकला. थरथर गेली, आई येऊन बसली आणि हसली.

पण संध्याकाळी चोपड्याच्या रस्त्याला काढली, चौथ्या गिअरमध्ये रेस दिली आणि पुन्हा धक्के. आता कोड पी ०३०२! दोनला तर मी काहीच केलेलं नाही.

* * *

केलंस ना. तीनची कॉईल आता दोनवर बसली आहे.

चिरेतून ठिणगी बाहेर पळायची आणि कॉईलच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी नळीला आतून चाटत जायची. त्या वाटेवर कार्बन बसतो आणि मग विजेला तीच वाट सोपी वाटते, समोरचा प्लग चांगला असला तरी. उभ्या गाडीत सिलिंडरमधला दाब कमी, ठिणगी गपगुमान जागेवर पडते. रेस दिली की दाब वाढतो, प्लगच्या टोकाच्या फटीतून उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात, आणि ठिणगी त्या काळ्या रेघेवरून निसटते. म्हणून अंगणात दिसलं नाही, रस्त्यावर दिसलं. ही गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती.

ते रबर सुटं मिळत असेल तर तेवढंच बदल, नाहीतर ती एक कॉईल. आणि दोनचा प्लग काढून त्याच्यावर रेघ उमटली का बघ. उमटली असेल तर तोही बदल. पुसून पुन्हा बसवू नकोस. काढण्याआधी विहिरीतली धूळ हवा मारून काढ. मे महिन्यात खान्देशात ती असतेच, आणि प्लग निघाल्यावर सरळ सिलिंडरात पडते.

काका

* * *

काका, रबराच्या आत अगदी तशीच रेघ होती. रबर सुटं जळगावला मिळालं. दोनच्या प्लगवरही पुसट रेघ दिसली, तोही बदलला. आवळताना शेजाऱ्यांचा टॉर्क रेंच आणला, २५ वर लावून.

आज बाबांना धुळ्याला नेऊन आणलं. जाता-येता चौथ्या, पाचव्या गिअरमध्ये मुद्दाम रेस देऊन पाहिली, कोड आला नाही. येताना बाबांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, पण पारोळ्याच्या अलीकडे ते म्हणाले, "आता इंजिनचा आवाज बरोबर येतोय." ते वीस वर्षं गाडी चालवतात, त्यांच्या कानावर माझा स्कॅनरइतकाच विश्वास आहे.

ताई, माउंटिंग पाहिलं. उजव्या बाजूच्या रबराला बारीक भेगा आहेत, अजून सुटलेलं नाही. दिवाळीत येईन तेव्हा बदलीन. तोवर काही झालं तर बाबांना तुमचा नंबर देऊन ठेवू का?