मलाक्का: टेकडी चुकवू नका

मलेशियातल्या मलाक्का शहरात लाल इमारतींचा चौक आणि जोंकर स्ट्रीट हा जुना बाजाररस्ता पाहिला की झालं, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. चौकामागच्या सेंट पॉलच्या टेकडीवर चढाच. वरच्या चर्चला आता छप्पर नाही. नुसत्या भिंती उभ्या आहेत आणि त्यांना टेकून डच काळातले पुरुषभर उंचीचे कोरीव थडग्यांचे दगड. आत जमिनीत जाळी लावलेला एक रिकामा खड्डा दिसेल. ज्यांचं शव आज ओल्ड गोव्यात आहे, त्या सेंट फ्रान्सिस झेवियरना १५५३ साली काही महिने इथंच पुरलं होतं, मग गोव्याला नेलं. ओल्ड गोवा पाहिलेल्या माणसाचा तिथून पाय निघत नाही.

पायथ्याशी पोर्तुगीज किल्ल्याचा उरलेला दरवाजा आहे. गोवा घेतल्यावर पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने मलाक्का जिंकून हा किल्ला बांधला. पुढे इंग्रजांनी तो पाडला.

नदीपलीकडे तुकांग एमास रस्त्यावर विनायगराचं, म्हणजे आपल्या गणपतीचंच, १७८१ चं देऊळ आहे. जवळच जुनी मशीद आणि चिनी मंदिरही. टेकडी मात्र सकाळीच चढा, दुपारचं ऊन सोसवत नाही.