अनुभव धागा: वॉरंटी असतानाच इंजिन बंद पडलं आणि कंपनीने हात वर केले

भावाची गाडी रत्नागिरीत वर्कशॉपला पडून आहे. वॉरंटी शिल्लक, तरी 'निष्काळजीपणा' म्हणून क्लेम फेटाळायची भाषा चालू आहे. आता इंजिन खोलायला सही मागतायत. कंपनीशी भांडून कोणाच्या काही पदरात पडलंय का? नुसतं 'ग्राहक कोर्टात जा' नको, काय केलंत ते सांगा.

देवगड
सही करायच्या आधी एक लिहून घ्या: क्लेम नाकारला तर खोलण्या-जोडण्याचे पैसे कोणाचे. आणि खोलताना तिथे उभे राहा.
माझी गाडी ऐन आंब्याच्या सीझनला करूळ घाटात बसली. ऑइलचा दिवा लागला, गगनबावड्याच्या अलीकडे बंद. इंजिनाखालचं ऑइल चेंबर उतरवलं तर तळाला डांबरासारखा गाळ, बेअरिंगं जळून निळी पडलेली. आधी तोंडी 'डिझेलात भेसळ', मग 'ऑइल कमी असताना चालवलीत'. मी ईमेल टाकला: वॉरंटी पुस्तिकेतलं कुठलं कलम, टेक्निकल रिपोर्ट कुठे, डिझेलचा नमुना तपासला का? भेसळीचा विषय तिथेच संपला. उरलेल्याला उत्तर आधीच्या सर्व्हिसच्या जॉबकार्डात होतं. 'ऑइल खाते' ही माझी तक्रार, आणि तिच्यापुढे त्यांच्याच अक्षरात 'तपासले, ओके'.
शेवटी 'गुडविल' म्हणून पार्ट कंपनीचे, मजुरी माझी. वर 'पुढे तक्रार नाही' असं लिहून मागितलं. सीझन डोक्यावर, दिलं. बरोबर केलं का, यावर घरात अजून वाद आहे.

चिपळूण
२२ जुलै २०२१ च्या पुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या त्यांनी वॉरंटीशी भांडू नये, ते काम विम्याचं. तिथेही इंजिन प्रोटेक्ट (इंजिनासाठीचं जादा विमा संरक्षण) घेतलेलं नसेल आणि पाणी शिरल्यावर स्टार्टर मारला असेल, तर विमावाले इंजिनापुरते हात झटकतात.
पण उलटंही होतं. आमच्या मेहुण्यांची गाडी कधी पाण्यात गेलीच नव्हती, तरी इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकलाय म्हणजे आत पाणीच शिरलं, असा वर्कशॉपचा निकाल. त्यांनी एअर फिल्टरचा डबा समोर उघडायला लावला. कागदी फिल्टर कोरडा, धुळीचा, चिखलाचा डाग नाही. फोटो काढले, तेव्हा कुठे फाइल परत वर गेली.

वेंगुर्ला
माका पण तोंडीच 'नाय' सांगल्यानी. लेखी मागलंय तर सायब रजेर!

कुडाळ
वकिलाकडे काम करतो, म्हणून थोडं सविस्तर. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की चेन्नईला, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. आमच्याकडे ओरोसला. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. गाडीची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. कंपनी आणि डीलर दोघांनाही पार्टी करा, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा, काही वेळा तेवढ्यावरच हलतात.
आयोगात गेलात तर तारखा पडणार, ही तयारी ठेवा. निर्मितीदोष म्हणत असाल तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो, म्हणून जळके पार्ट भंगारात जाऊ देऊ नका. आणि मध्येच वर्कशॉपकडून पार्किंगचं भाडं लावल्याची नोटीस आली, तर गाडी वादामुळे तिथे आहे असं लगेच लेखी कळवा. फोनवर नको.