बी विंग ग्रुप : बाबांच्या ऑपरेशनबद्दल

५०२ : बाबांचं अपडेट. हार्ट ॲटॅकनंतरची अँजिओप्लास्टी व्यवस्थित झाली होती. काल रात्री एकदम धाप लागली, बीपी पडलं. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसलं, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडलंय. सर्जन म्हणतात, जमलं तर थांबून ऑपरेशन करू.

३०१ : स्टेंट टाकला ना? मग भोक कुठून आलं?

१०४ (डॉक्टर ताई) : काका, स्टेंटने हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी नळी उघडते. ती बंद असताना मेलेला स्नायू काही परत येत नाही. तो मऊ पडत जातो आणि बहुतेकदा पहिल्या आठवड्यातच फाटतो. मग डावीकडचं रक्त जोराने उजवीकडे घुसतं, तिथून फुप्फुसांत, म्हणून धाप. हल्ली नळी वेळेत उघडतात, त्यामुळे हे शंभरात एकालाही होत नाही.

६०३ : मग थांबायचं कशाला? शिवून टाका की लगेच!

१०४ : शिवणार कशात? कडा भिजलेल्या कागदासारख्या असतात, टाका ओढला की फाटत जातो. म्हणून पॅच भोकापेक्षा बराच मोठा घेतात आणि टाके लांबच्या धड स्नायूत घालतात. काही आठवडे मिळाले तर कडेला व्रण धरतो, काम सोपं होतं. तोवर मांडीतून बलून पंप घालून हृदयावरचा भार कमी करतात.

२०२ : *हृदयाचं भोक बुजवणारा काढा!! पुढे पाठवा*

ॲडमिन : २०२, काढून टाका ते. वेळ काय, पाठवताय काय.

५०२ : ताई, स्पष्ट सांगा. थांबलेलं खरंच बरं का?

१०४ : स्पष्टच सांगते. अमेरिकेतल्या सर्जनांच्या १९९९ ते २०१० च्या नोंदी आहेत. ॲटॅकनंतर ७ दिवसांच्या आत ऑपरेशन झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त दगावले, नंतर झालेल्यांपैकी पाचात एक. पण त्यावर फार विसंबू नकोस. घाईने घेतलेले मुळातच जास्त अत्यवस्थ होते, आणि थांबता थांबता गेलेले या हिशोबात येतच नाहीत. बाबा तग धरून असतील तरच थांबण्यात अर्थ आहे.

५०२ : ते कळणार कसं?

१०४ : बीपीची औषधं वाढवावी लागतायत का, लघवी किती होतेय, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) चढतंय का, हे विचार. किडनी मागे पडायला लागली तर कडा मऊ असल्या तरी ऑपरेशन करावंच लागतं.

५०२ : सकाळपासून लघवी कमी झालीय म्हणत होत्या सिस्टर.

१०४ : मग राउंडची वाट बघू नकोस, आत्ताच सर्जनना गाठ. फोन उचल, मी लावतेय.

६०३ : गाडी काढून खाली उभा आहे. रक्त लागलं तर सांग, तिघं तयार आहोत.