मदत हवी आहे : भाऊ २०१७ पासून बेपत्ता, आई कागद करू देत नाही

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माहेर देवगड तालुक्यात. धाकटा भाऊ २०१७ च्या ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली तसा कर्नाटकात मालपे बंदराला बोटीवर खलाशी म्हणून जातो सांगून गेला तो गेलाच. बोटवाले म्हणतात तो पोचलाच नाही. मिसिंगची तक्रार, मडगाव, उडुपी, सगळं करून झालं. भांडण नाही, कर्ज नाही, काहीच नाही.

वडील त्याच काळजीत गेले. आई गणपती जवळ आले की त्याचे शर्ट धुते, पावसात वाळत नाहीत म्हणून चुलीवरच्या दोरीवर टाकते, मग धुराचा वास मारणारे ते शर्ट घड्या घालून परत कपाटात. आम्ही काही बोलत नाही. देवळात कौल लावला तो उजवा, म्हणजे होकाराचा पडला, त्यामुळे तिचं अजूनच घट्ट झालंय. भटजी म्हणतात बारा वर्षांनी पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे अंत्यसंस्कार, करता येईल, गाववाले म्हणतात कशाला थांबताय, आत्ताच करून मोकळे व्हा. मोकळं कोण होणार ते कुणी सांगत नाही.

खरा प्रश्न वहिनीचा आहे. ती काजूच्या फॅक्टरीत जाते, पदरात दोन पोरं. सातबाऱ्यावर भावाचं नाव, बँकेतले पैसे अडकलेले, कुठेही गेली की आधी मृत्यूचा दाखला आणा. मंगळसूत्र घालते म्हणून बायका बोलतात, काढलं तरी बोलतीलच. वकील म्हणाले सात वर्षं होऊन गेलीत, कोर्टात जाता येईल. आईला सांगितलं तर म्हणाली, "माझो झील जितो आसा, तुमी कागदार मारू नकात त्येका." त्या रात्री जेवली नाही.

मला दोघींतली कुणीच चूक वाटत नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला की मलाही आधी तोच आठवतो. कुणाच्या घरी असं झालंय का? म्हाताऱ्या माणसाला कसं समजावलंत?

प्रतिसाद :
ताई, आमच्याकडे काकांचं असंच झालं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, आता साक्ष अधिनियमाचं १११. ज्यांना खबर यायला हवी त्यांना सात वर्षं काहीच खबर नाही तर माणूस हयात नाही असं धरतात, पण आपोआप नाही, दिवाणी कोर्टातून ठरवून घ्यावं लागतं. तक्रारीची नक्कल आधी काढून ठेवा. आणि माणूस उद्या दारात उभा राहिला तर ते धरलेलं तिथेच संपतं, हे आईला नक्की सांगा. आजीला आम्ही नातवंडांच्या नावावर जमीन करायचीय एवढंच सांगत राहिलो, बाकी वाद घातला नाही. शर्ट धुऊ देत, त्यात कुणाचं काय जातंय. तुम्हालाही बोलावंसं वाटलं तर १४४१६ वर टेलीमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे.

धागाकर्ती :
धन्यवाद दादा, जमिनीचं तसंच सांगून बघते. पण आईपण वारस लागते ना, म्हणजे कोर्टाची नोटीस तिच्या नावाने येणारच. ती हातात पडायच्या आधी तिला कुणी सांगायचं, मी की वहिनीने?