मदत हवी आहे: पहारेकऱ्याला दिसलं नाही, पण ऐकू आलं असेल तर?

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिका-खेळ), पाचवी आवृत्ती, 2014 चे नियम. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. सेशन एका रोलवर अडकून थांबलंय.

गुहेत एक मानव पहारेकरी, हातात मशाल. म्हणजे 20 फूट लख्ख उजेड, त्यापुढे आणखी 20 फूट मंद. मंडळी त्या मंद पट्ट्यातून खांबांच्या आडोशाने सरकतायत. रोग (Rogue, चोरपावलांचं पात्र) 19 टाकून निसटला. पॅलाडिनच्या (योद्धा पात्राच्या) अंगात चेन मेल (साखळ्यांचं चिलखत), डिसअ‍ॅडव्हांटेज (दोनदा फासा टाकून कमी आकडा घ्यायचा), स्टेल्थ (लपून सरकण्याचा रोल) आली 9. पहारेकऱ्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरली जाणारी चाहूल घेण्याची क्षमता) 12. मंद उजेडात नजरेवरच्या चेकला डिसअ‍ॅडव्हांटेज, म्हणजे पॅसिव्हमधून 5 वजा. डोळ्यांना 7, कानांना पूर्ण 12. मग 9 वर पॅलाडिन सुटला की सापडला?

त्यात पाठीमागे धबधबा. खेळाडू म्हणतात, त्या आवाजात कानांचेही 5 कापा. कापले तर चिलखताच्या खणखणाटाला काही अर्थच उरत नाही, आणि माझ्या मते चेन मेलचा तोटा तिथेच तर जाणवायला हवा. दिसणं आणि ऐकणं यांसाठी वेगवेगळे रोल घ्यावेत का? घेतले तर कुणीच कधी लपणार नाही, ही भीती आहे.

(डार्कव्हिजनवाले, म्हणजे अंधारात पाहू शकणारी पात्रं, ‘आम्हाला अंधारात सगळं दिसतं’ म्हणून मशाल विझवतात. मिट्ट काळोख त्यांनाही मंद उजेडासारखाच दिसतो, तेव्हा त्यांचेही 5 गेलेच. हे दर वेळी सांगावं लागतं.)

प्रतिसाद:

रोल एकच ठेवा, फक्त तो कशाशी ताडायचा ते ठरवा. आडोसा असेल तोवर नजरेचा प्रश्नच नाही, म्हणून कानांशी ताडा. धबधब्याचा फायदा अंतर बघून द्या. पॅलाडिन पाण्यालगत आणि पहारेकरी लांब असेल तर 5 कापा, 9 पास. पहारेकरी हाकेच्या अंतरावर असेल तर कापू नका, चिलखत ऐकू येणारच. आणि ऐकू आलं म्हणजे लगेच इनिशिएटिव्ह (लढाईतल्या पाळीचा रोल) नको. त्याला दिशा कळली, माणूस दिसलेला नाही. तो मशाल घेऊन चार पावलं पुढे येईल, त्याच्याबरोबर उजेडही सरकेल. त्याआधी पॅलाडिनला एक कृती द्या. एक सावधगिरी: खेळाडूंपैकी कुणी नॉक (कुलूप उघडणारा मंत्र) टाकायचं म्हटलं तर त्याचा ठोका 300 फुटांपर्यंत जातो, तिथे धबधब्याची सबब चालवून घेऊ नका.